दोन गाड्यांचं घर

पुढच्या महिन्यात मी दोन बेडरूमचा फ्लॅट सोडून २१० चौरस फुटांच्या वन-आरकेत राहायला जातोय. मित्रांना मी 'मिनिमलिझम' असं कारण सांगितलंय. खरं कारण म्हणजे नोकरी गेली आणि नव्या नोकरीत पगार कमी आहे. सामानाची एक्सेल शीट केली : न्यायचं, विकायचं, देऊन टाकायचं. दोन आठवडे झाले, एका ओळीपुढे काहीच भरलेलं नाही. ती ओळ म्हणजे बाबांची हार्मोनियम.

या दिवसांत मी कामो नो चोमेईचं 'होजोकी' वाचतोय. बाराव्या शतकाच्या मध्यावर क्योतोत जन्मलेल्या या कवीनं ते १२१२ साली लिहिलं. 'होजो' म्हणजे साधारण दहा फूट लांब, दहा फूट रुंद जागा. वैशालीच्या विमलकीर्तीच्या एवढ्याशाच खोलीत असंख्य पाहुणे मावले, अशी बौद्ध कथा आहे. तिचा धागा या शब्दाशी जुळलेला आहे.

चोमेई आधी आजीच्या घरात राहायचा. तिशीनंतर त्यानं त्याच्या दहाव्या हिश्शाएवढं घर बांधलं. साठीच्या सुमारास बांधलेली झोपडी त्या दुसऱ्या घराच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान होती. गुणाकार केला, तर पहिल्या घराचा हजारावा हिस्साही नाही!

हे सगळं त्यानं स्वखुशीनं केलं, असं मात्र नाही. त्याचे वडील मोठ्या शिंतो देवस्थानाचे प्रमुख होते, पण ते लवकर गेले. पुढे देवस्थानातलं जे पद मिळेल अशी चोमेईला आशा होती, ते दुसऱ्यालाच मिळालं. पन्नाशीच्या आसपास त्यानं संन्यास घेतला.

घरांवरचा त्याचा विश्वास त्याआधीच उडाला असावा. ११७७च्या आगीत राजधानीचा मोठा भाग जळाला. ११८०मध्ये राजधानी अचानक फुकुहाराला हलवली, तेव्हा लोकांनी घरं मोडून त्यांची लाकडं योदो नदीतून वाहून नेली. पुढच्या दुष्काळात लोक स्वतःचीच घरं तोडून सरपण म्हणून विकत होते. ११८५मध्ये भूकंप झाला.

म्हणूनच की काय, हिनोच्या डोंगरातली त्याची झोपडी सांध्यांना धातूच्या कड्या लावून जोडलेली होती. जागा आवडली नाही, तर सुटी करून दोन गाड्यांत घालायची आणि निघायचं. इंजिनिअर म्हणून मला हे डिझाइन फारच आवडलं.

पण मी जास्त वेळ अडकलो, ते त्यानं आत काय ठेवलं होतं त्यापाशी. अमिदा बुद्धाचं चित्र, काही ग्रंथ, झोपायला वाळलेल्या नेच्याचा बिछाना. आणि दोन वाद्यं : घडी होणारं कोतो आणि जोडून उभा करायचा बिवा. सगळं सोडलेल्या माणसाला संगीत सोडवलं नाही, पण त्यानं ते घडी करून बसवलं.

शेवटी तो स्वतःलाच पकडतो. या झोपडीवर माझा जीव जडलाय, मग ही आसक्ती नाही का? मन उत्तर देत नाही. तो बुद्धाचं नाव दोन-तीनदा घेतो आणि लेखन संपवतो. घर हजारपट लहान झालं, तरी प्रश्न तेवढाच राहिला.

मला पेटी वाजवता येत नाही. तिची घडीही होत नाही. काल टेपनं मोजून पाहिलं : नव्या खोलीत ती ठेवली, तर टेबल मावणार नाही. शीटमध्ये टेबलापुढे 'विकायचं' लिहिलं. मित्रांना पगाराचं सांगणं अजून बाकी आहे.