शेंदूर, शिसे आणि सहा व्होल्ट

इतिहासाच्या पुस्तकात तहांना पानंच्या पानं मिळतात, बॅटरीला एक ओळ मिळत नाही. आता अहेरीहून आलापल्लीमार्गे भामरागडच्या जंगलात रात्री शिरणाऱ्या माणसाला पुरंदरचा तह १६६५ साली झाला हे आठवून काय उपयोग? त्याला हेडलाइट लागायला हवा!

१८५९ साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे घेतले, मध्ये कापड घातलं, अळूवडीसारखी गुंडाळी केली आणि पाणी घातलेल्या गंधकाम्लात बुडवली. पुन्हा पुन्हा भरता येणारी ही पहिली बॅटरी. पण ती कामाला यायची म्हणजे आधी कितीतरी वेळा भरा आणि रिकामी करा. १८८१ साली कामिय फोर यांनी पत्र्यांना शेंदराचा लेप दिला आणि हा खटाटोप वाचवला. (शेंदूर हेही शिशाचंच भस्म.) आपण दगडाला शेंदूर फासला की मारुती होतो. फोरसाहेबांनी शिशाला फासला, तर त्यात वीज संचारली.

जुन्या मोटारसायकलींना बॅटरीचं कौतुक नव्हतं. ठिणगीला मॅग्नेटो, दिव्याला कार्बाइड. आपल्याकडच्या राजदूत आणि जुन्या येझदी सहा व्होल्टवर आल्या, म्हणजे दोन-दोन व्होल्टचे तीन कप्पे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, अहेरी चंद्रपुरातून तिकडे गेली. जिल्हा बदलला, राजदूतचा दिवा मिणमिणताच राहिला.

बॅटरी बसवण्याचं शास्त्र मात्र कुठल्या अकादमीत नव्हे, आमच्या शाखेसमोरच्या मिस्त्रीकडे आहे. त्याचं पहिलं सूत्र : "साहेब, बॉडीची वायर पहिले काढाची, शेवटी लावाची." आपल्या गाड्यांत ती निगेटिव्ह असते; जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह. म्हणून रंग पाहू नये, वायर कुठे जाते ते पाहावं. ती सुटी असली की दुसरा नट कसताना पाना चुकून चेसिसला टेकला तरी काही होत नाही. जोडलेली असली तर ठिणग्या उडतात. बँकेत जमा-नावे उलटली तर संध्याकाळी फरक सापडतो. इथे पाना जागच्या जागी ऑडिट करतो!

चौकोनी नट टर्मिनलच्या खाचेत खाली बसतो आणि स्क्रू वरच्यावर फिरत राहतो. खाली जुन्या ट्यूबचा तुकडा सरकवावा, नट वर येतो. पांढरी बुरशी गरम पाण्यातल्या खायच्या सोड्याने धुवावी, पण बुचं घट्ट लावून. कोरडं करून नट कसावेत, मग वर व्हॅसलीन. हवेची नळी दुमडू नये, चेनपासून दूर सोडावी. उघडता येणाऱ्या बॅटरीत वरच्या रेघेपर्यंत डिस्टिल्ड वॉटरच घालावं. विहिरीचं पाणी कितीही गोड असलं तरी ते चहाला ठेवावं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचा नियम आला आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी पेट्रोलचा विजेचा पंप बसला. पूर्वी बॅटरी मेली तरी पुष्कळशा गाड्या किकवर घरी यायच्या, फक्त अंधारात. आता बॅटरी पार मेली तर बरीचशी गाडी जागची हलत नाही. पुढचं गाव लांब, मागे बसलेल्या माणसाला ताप, आणि दोन्हीकडे साग. अशा वेळी प्लाँते, फोर कोणी येत नाही. त्या नटाखालचा ट्यूबचा तुकडा तेवढा जागेवर असावा.