बार्शी रोड स्थानकाची लघुप्रतिकृती : रूळमाप, काळ आणि श्रम यांचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

रेल्वेची लघुप्रतिकृती हा विषय आपल्याकडे सामान्यतः छंद या सदरात मोडतो. पुण्यात १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहावयास शाळांच्या सहली जातात, मुले हरखून जातात. परंतु इतिहासाच्या प्राध्यापकाने तेथे वही घेऊन जावे, असे सहसा कोणास वाटत नाही. यास एक सबळ कारणही आहे. पुण्यातील ती नगरी कल्पित आहे. कल्पित स्थानक उभारणाऱ्याला आपल्या सोयीने रूळ वळवता येतात, फलाट आखूड करता येतो. प्रत्यक्षात अस्तित्वात असलेल्या, विशेषतः आता नामशेष झालेल्या स्थानकाची प्रतिकृती करू पाहणाऱ्याला मात्र ही मुभा नसते. त्याचे काम इतिहासकाराच्या कामाच्या फार जवळ येते. काही बाबतींत ते अधिक अवघड असते, कारण लिहिणारा जेथे मोघम वाक्य लिहून पुढे जातो, तेथे प्रतिकृतीकाराला काहीतरी ठेवावेच लागते.

प्रस्तुत लेखात सोलापूर जिल्ह्यातील बार्शी रोड, म्हणजेच आजचे कुर्डुवाडी, हे स्थानक उदाहरणादाखल घेतले आहे. ते घेण्यामागील हेतू असा की, या स्थानकाचे सारे महत्त्व दोन रूळमापांमधील फरकात होते. आणि बाजारात मिळणारे तयार साहित्य वापरून प्रतिकृती केल्यास नेमका तोच फरक पुसट होतो.

पार्श्वभूमी

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून निघालेला मार्ग १८६० साली सोलापूरपर्यंत पोहोचला. बार्शी ही कापसाची मोठी पेठ होती, परंतु हा मार्ग बार्शीला टाळून सुमारे ३५ किलोमीटर दूरून गेला. म्हणून बार्शीला जाण्यासाठी जेथे उतरावयाचे त्या स्थानकाला बार्शी रोड असे नाव मिळाले. ज्या स्थानकाच्या नावात 'रोड' हा शब्द आहे ते गाव तेथे नाही, ही भारतीय रेल्वेची जुनी रीत आहे. पुढची जवळजवळ चार दशके बार्शीचा कापूस बैलगाडीने या स्थानकावर येत राहिला. १८८४ साली प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर खंड याच बैलगाडीच्या काळातला आहे, हे तो वापरताना ध्यानात ठेवावे लागते.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हे अंतर स्वस्त आणि हलक्या रेल्वेने जोडण्याची योजना मांडली. तो १८८२ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत भारतात आला होता. बार्शी लाइट रेल्वे कंपनी १८९५ साली लंडनमध्ये स्थापन झाली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी हा २ फूट ६ इंच रुंदीचा, म्हणजे ७६२ मिलिमीटर मापाचा मार्ग सुरू झाला. १९०६ साली पंढरपूर, १९११ साली तत्कालीन हैदराबाद संस्थानातील लातूर आणि १९२७ साली मिरज अशी त्याची वाढ होत गेली. १९५४ साली सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत हे मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाले. प्रवाशांच्या दृष्टीने ही इष्टच गोष्ट होती. तथापि त्याबरोबर दोन मापांचे कुर्डुवाडी संपले, आणि ते डोळ्यांनी पाहिलेली पिढीही आता उताराला लागली आहे.

रूळमापाचा प्रश्न

लघुप्रतिकृतीच्या जगात सर्वाधिक प्रचलित प्रमाण १ : ८७ हे आहे. या प्रमाणासाठी तयार मिळणाऱ्या रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. त्यास ८७ ने गुणल्यास सुमारे १४३५ मिलिमीटर येतात. हे युरोप-अमेरिकेतील प्रमाणित माप होय. भारतातील ब्रॉडगेज मात्र ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर. १ : ८७ प्रमाणात ते १९.३ मिलिमीटर व्हावयास हवे. याउलट बार्शी लाइट रेल्वेचे ७६२ मिलिमीटर माप याच प्रमाणात ८.८ मिलिमीटर होते आणि बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ सहज मिळतात. म्हणजे धाकट्या रेल्वेचे माप जवळजवळ बिनचूक मिळते आणि थोरलीचे चुकते.

ही चूक किती महत्त्वाची? एखादा म्हणेल, तीन मिलिमीटरचा तर फरक. परंतु प्रत्यक्षात ब्रॉडगेज हे नॅरोगेजच्या २.२ पट रुंद होते. तयार रूळ वापरले तर हे गुणोत्तर १.८३ वर येते. बार्शी रोडचे अस्तित्व ज्या विषमतेवर उभे होते ती विषमता प्रतिकृतीत सौम्य होऊन जाते. मुंबईच्या एखाद्या स्थानकाच्या प्रतिकृतीत ही तडजोड चालून जाईल, कारण तेथे तुलनेला दुसरे माप शेजारी नसते. येथे ते हातभर अंतरावर असते.

इंग्लंडमधील प्रतिकृतीकारांना हा वाद नवा नाही. तेथील इंजिने आकाराने लहान असल्याने सुरुवातीच्या काळातील मोटारी १ : ८७ प्रमाणाच्या सांगाड्यात मावत नसत. म्हणून इंजिनांचे प्रमाण वाढवून १ : ७६ केले गेले आणि रूळ मात्र तेच १६.५ मिलिमीटरचे ठेवले गेले. परिणामी तेथील असंख्य प्रतिकृतींमध्ये गाड्या अरुंद रुळांवर तोल सावरीत उभ्या असल्यासारख्या दिसतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही काटेकोर मंडळींनी १८.८३ मिलिमीटर हे अचूक माप स्वीकारून चाके, सांधे, रूळ सर्व हाताने घडविण्यास आरंभ केला. इतरांनी त्यांची थट्टा केली. परंतु त्या मंडळींचा मुद्दा इतिहासाचा होता. बार्शी रोडच्या बाबतीत तो मुद्दा अधिकच सबळ ठरतो. ब्रॉडगेजचे रूळ येथे हाताने अंथरण्यास पर्याय नाही.

रुळाच्या उंचीचाही येथे विचार करणे क्रमप्राप्त आहे. कॅलथ्रॉपच्या योजनेचे मर्म असे की, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही. म्हणून किट्सन कंपनीकडून बनवून घेतलेल्या त्याच्या पहिल्या इंजिनांना आठ जोडचाके आणि मागे आणखी चार चाके होती. वजन सहा आसांवर विभागले जाई. भार हलका म्हणून गजाला ३० पौंड वजनाचा बारीक रूळ पुरे झाला, आणि रूळ स्वस्त म्हणून रेल्वे परवडली. असा रूळ सुमारे आठ सेंटिमीटर उंच असतो. प्रतिकृतीत तो एक मिलिमीटरहूनही कमी भरावयास हवा. बाजारातील ९ मिलिमीटर मापाचे रूळ बहुधा दोन मिलिमीटर उंच असतात; ८७ ने गुणता ते सतरा-अठरा सेंटिमीटर होतात. आजच्या भारतीय रेल्वेच्या ६० किलोच्या भारी रुळाची उंची १७२ मिलिमीटर आहे. म्हणजे तयार रूळ अंथरणारा प्रतिकृतीकार नकळत १८९७ सालच्या हलक्या रेल्वेखाली आजच्या राजधानी गाडीचे रूळ घालून ठेवतो, आणि ज्या काटकसरीमुळे ती रेल्वे जन्मास आली तीच दिसेनाशी होते.

काळाचा प्रश्न

ग्रंथात '१८९७ ते १९५४' असा कालखंड शीर्षकात घालता येतो. प्रतिकृतीला असा कालखंड नसतो. तिला एक वर्ष, खरे तर एक दिवस निवडावा लागतो.

१९०६ पूर्वीचा दिवस निवडल्यास नॅरोगेज येथे संपते. एकच शाखा, एकच दिशा, आणि वाहतूक मुख्यतः मालाची. १९०६ नंतरचा दिवस निवडल्यास मुख्य मार्गाच्या एका बाजूला बार्शी आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूर येते. स्थानकाचा स्वभावच पालटतो. कापसाच्या गाठींचे स्थानक आता आषाढी-कार्तिकीचे स्थानक होते. मुंबई-पुण्याकडून आलेला यात्रेकरू येथे उतरून धाकट्या गाडीत बसू लागला. यात्राकाळात माणसांना मालडब्यांतून नेण्याची प्रथा त्या काळी भारतातील अनेक रेल्वेंवर होती आणि तिच्याविषयी तक्रारीही सार्वत्रिक होत्या. तेव्हा १९१० च्या आषाढातील प्रतिकृतीत वाघिणीच्या दारात माणसे दाखवावयाची की गाठी, हा सजावटीचा प्रश्न राहत नाही.

घड्याळाचेही तसेच. १८९८ चा दिवस निवडला तर स्थानकाच्या घड्याळात मद्रासची वेळ हवी, कारण रेल्वे त्या वेळेवर चालत. भारतीय प्रमाणवेळ १९०६ च्या सुमारास लागू झाली. घड्याळाचा काटा या प्रमाणात कोणालाही दिसणार नाही, हे खरे. परंतु वेळापत्रकानुसार गाड्या चालवावयाच्या असतील तर तो लक्षात घ्यावाच लागतो.

साधनांची विषमता

येथे एक अनुभव सर्वांना येतो. इंजिनाविषयी साधने भरपूर आणि स्थानकाविषयी तुटपुंजी. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या इंजिनाचे छायाचित्र काढण्याची पद्धत होती. त्यासाठी त्याला मुद्दाम राखाडी रंग देत, म्हणजे बारकावे उठून दिसत. आराखडे जपले जात. मालधक्क्याचे, हमालांच्या विसाव्याच्या जागेचे, पाण्याच्या हौदाचे छायाचित्र मुद्दाम कोण काढणार? परिणामी प्रतिकृतीकार इंजिनाचा प्रत्येक रिव्हेट मोजतो आणि गोदाम अंदाजाने बांधतो. साधने ज्याची जास्त त्याचा इतिहास मोठा, ही आपल्या लेखी इतिहासाचीही जुनी खोड आहे.

उपलब्ध छायाचित्रांचेही वाचन सावधपणे करावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरात असलेल्या काचा तांबड्या रंगाला फारसा प्रतिसाद देत नसत. त्यामुळे तांबडा डबा काळसर आणि निळा डबा फिकट उमटे. छायाचित्रात काळा दिसतो म्हणून डबा काळा रंगविणे म्हणजे साधनाची चिकित्सा न करता त्यावर विसंबणे होय.

प्रतिकृतीकडे नोंद म्हणून पाहण्याची परंपरा इंग्लंडमध्ये आहे. मूळचा ऑस्ट्रेलियन असलेला रॉय इंग्लंड १९२५ साली तेथे गेला. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या भागातील गवताच्या छपरांची जुनी घरे पाडली व बदलली जात असल्याचे त्याने पाहिले आणि त्यांची मोजमापे घेऊन १ : ७६ प्रमाणात ती पुन्हा बांधण्यास आरंभ केला. त्यातून लाँग विटनहॅम येथील पेंडन संग्रहालय उभे राहिले. मूळ घर उभे असताना माप घेणे हे त्याच्या पद्धतीचे वैशिष्ट्य होते. कुर्डुवाडीच्या बाबतीत ती वेळ बव्हंशी निघून गेली आहे. उरलेल्या बांधकामांची मोजमापे घेणे आणि निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे हे काम सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांचे इतिहास विभाग एका उन्हाळी सुट्टीत करू शकतील. त्यास मोठ्या अनुदानाची गरज नाही.

दोन रुळांमधील जागा

आता मूळ मुद्द्याकडे वळणे आवश्यक आहे. जेथे दोन मापे भेटतात तेथे वाघीण पुढे जाऊ शकत नाही. माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावा लागतो. कॅलथ्रॉपला ही अडचण पुरेपूर ठाऊक होती. त्यानेच पुढे इंग्लंडमध्ये उभारलेल्या, १९०४ साली सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या त्याच मापाच्या रेल्वेवर मोठ्या मापाची अख्खी वाघीण आपल्या पाठीवर वाहून नेणारी वाहने वापरली गेली. ती रेल्वे १९३४ साली बंद पडली. बार्शीची तिच्यानंतर कित्येक दशके चालली. बार्शी रोडवर दोन मापांमधील हे अंतर माणसांच्या पाठीवरून ओलांडले गेले.

रेल्वेच्या हिशेबात हा खर्च माल हलविण्याचा खर्च म्हणून एका ओळीत येतो. प्रतिकृतीत त्या ओळीला जागा द्यावी लागते. बार्शीच्या वाघिणीची लांबी २५ फूट, म्हणजे प्रमाणात सुमारे ८८ मिलिमीटर. तिच्या शेजारी ब्रॉडगेजची वाघीण, मध्ये धक्का, आणि धक्क्यावर कापसाच्या गाठी. त्या काळची गाठ सुमारे ४०० पौंडांची. एका माणसाने उचलण्याजोगी नव्हे. म्हणजे प्रत्येक गाठीभोवती माणसांचे टोळके हवे. अशी किती टोळकी दाखवावयाची, हे ठरविताना दिवसाला किती वाघिणी रिकाम्या होत असतील याचा हिशेब मांडावा लागतो. लेखी इतिहासात हा हिशेब टाळता येतो.

बाजारात १ : ८७ प्रमाणातील माणसांच्या तयार मूर्ती मिळतात. बहुतेक जर्मनीत बनलेल्या असतात. टोपी, ओव्हरकोट, हातात प्रवासी पेटी. धोतराचा काचा मारलेला, डोक्याला मुंडासे गुंडाळलेला, पाठीत वाकलेला हमाल त्यांत नाही. तो मेणातून वा मातीतून एकेक करून घडवावा लागेल. साडेपाच फुटी माणूस या प्रमाणात १९.३ मिलिमीटर भरतो. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधील अंतर तेवढेच आहे.