दर्यावर ओढलेल्या रेषा

सुरत हे बंदर म्हणून इतिहासात गाजले खरे. परंतु त्या शहरातून समुद्र दिसत नाही. शहराच्या पूर्वेकडील गोडादरा, लिंबायत यांसारख्या वस्त्यांत खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे कापडाच्या धंद्यावर पोट भरतात. आपण एका जगप्रसिद्ध बंदरात राहतो, याची आठवण त्यांतील पुष्कळांना वर्षानुवर्षे होत नसेल. तापी नदी शहराला वळसा देऊन पश्चिमेस काही कोसांवर खंबायतच्या आखाताला मिळते. तिच्या मुखाशी गाळ व वाळू साचून पात्र इतके उथळ झालेले असे की, मोठ्या गलबतास आत शिरता येत नसे. म्हणून सतराव्या शतकात विलायती जहाजे मुखाच्या उत्तरेस सुवाळीच्या आडोशाला नांगर टाकीत आणि तेथून माल होड्यांनी व बैलगाड्यांनी शहरात येई. आखाताच्या वरच्या अंगाला, भावनगरच्या बाजूस, भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरांहून अधिक होतो. ओहोटीला जेथे चिखल उघडा पडतो, तेथेच सहा तासांनी तारू तरंगते. या किनाऱ्यावर कोणत्या नौकेने कोठवर जावे, याची पहिली हद्द अशी निसर्गानेच घातली होती आणि ती दिवसातून चार वेळा बदलत होती.

माणसाने घातलेली हद्द मात्र कागदाची होती. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी पोर्तुगीज अरबी समुद्रात आले आणि त्यांनी एक अपूर्व दावा मांडला. हा समुद्र पोर्तुगालच्या राजाचा आहे. त्यावरून जावयाचे तर त्याचा परवाना घ्यावा. या परवान्यास ते 'कार्ताझ' म्हणत. जहाज कोणाचे, त्यावर कोणता माल व किती शस्त्रे, कोणत्या बंदरातून कोणत्या बंदरास जावयाचे, हे त्यात लिहिलेले असे. आणि वाटेत पोर्तुगीज ठाण्यावर जकात भरणे भाग असे. परवाना नसेल तर जहाज जप्त. १५३४ मध्ये वसई, पुढच्याच वर्षी दीवचा किल्ला आणि १५५९ मध्ये दमण अशी ठाणी त्यांच्या हाती आल्यावर आखाताच्या दोन्ही ओठांवर त्यांचा पहारा बसला.

१५७३ मध्ये सुरत अकबराच्या ताब्यात आली. हिंदुस्थानचा एवढा मोठा बादशहा. परंतु त्याच्या घरच्या बायकांना हजला जावयाचे झाले तेव्हा त्यांनाही हा परवाना चुकला नाही. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ च्या अखेरीस राजधानीतून निघाली आणि परवान्याच्या घोळात सुरतेस कितीतरी महिने अडकून पडली. परवान्यावर येशू व मेरी यांची चित्रे असत, याचाही सनातनी मुसलमानांना मोठा विषाद वाटे. बादशहाची सत्ता जमिनीवर अमर्याद होती. भरतीची रेषा ओलांडली की ती संपे. मोगलांनी आरमाराकडे जे दुर्लक्ष केले, त्याची किंमत त्यांनी पुढे फार महाग मोजली असे म्हणावे लागते.

परवाना घेतला म्हणजे नौका निर्धोक झाली, असेही नव्हते. १६१२ मध्ये सुवाळीसमोर टॉमस बेस्ट याच्या इंग्रज जहाजांनी पोर्तुगीजांना मागे हटविले आणि इंग्रजांना सुरतेस वखार मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याचा राग पोर्तुगीजांनी काढला तो 'रहिमी' या जहाजावर. हे प्रचंड जहाज जहांगीर बादशहाच्या आईचे, यात्रेकरूंची ने-आण करणारे. त्यावर रीतसर पोर्तुगीज परवाना होता. तरीही १६१३ मध्ये सुमारे सातशे उतारूंसह ते पकडून गोव्यास नेण्यात आले. बादशहाने चिडून दमणवर फौज पाठविली आणि आग्र्यातील जेझुइटांचे देऊळ बंद केले. परंतु समुद्रावर जाऊन जहाज सोडवून आणणे त्याला साधले नाही. परवाना देणाऱ्याची मर्जी असेतोवरच परवान्याची रेषा टिकते, हे त्या सातशे माणसांना समजले.

मराठ्यांनी हा धडा चांगला ओळखला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात कौल घेतलेल्या सावकारांच्या तरांड्यांना उपद्रव देऊ नये, अशी स्पष्ट ताकीद आहे. कौल म्हणजे अभय. पुढे कान्होजी आंग्रे सरखेलांनी आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांना दस्तक घ्यावयास लावले. पोर्तुगीजांनी दोनशे वर्षे जे केले तेच मराठ्यांनी आपल्या दारात केले, एवढाच याचा अर्थ. परंतु इंग्रज बखरकारांनी पहिल्यास राजसत्ता म्हटले आणि दुसऱ्यास चाचेगिरी. भांडणाचे खरे मूळ वेगळेच होते. हिंदी व्यापाऱ्यांची जहाजे कंपनीचा परवाना घेऊन इंग्रजी निशाणाखाली फिरत, आणि अशा जहाजांना आंग्र्यांचे दस्तक हवे की नको, यावर समेट होत नसे. मुंबईचा गव्हर्नर बून याने १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर हल्ला केला. दोन्ही वेळा त्याला हात हलवीत परतावे लागले. कान्होजी १७२९ मध्ये वारले. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग इंग्रजांनी घेतला तो पेशव्यांच्या सहकार्याने. आपल्याच समुद्राची राखण करणारा हात आपणच तोडून द्यावा, असा हा प्रकार होता. तीन वर्षांनी, १७५९ मध्ये, सुरतेचा किल्लाही इंग्रजांच्या हाती गेला आणि या किनाऱ्यावर परवाने देणारा एकच धनी उरला.

दरम्यान युरोपात याच प्रश्नावर पंडितांचा वाद माजला होता, आणि त्याला निमित्तही पूर्वेकडच्याच समुद्राचे होते. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ पोर्तुगीजांचे 'सांता कातारिना' हे मालाने भरलेले जहाज पकडले. त्या कृत्याचे समर्थन करता करता ह्यूगो ग्रोटियस याने १६०९ मध्ये मुक्त समुद्राचा ग्रंथ लिहिला. वाऱ्याप्रमाणेच समुद्रही कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. १६२५ मध्ये सेराफिम द फ्रैतास या पोर्तुगीज धर्मगुरूने त्याला उत्तर दिले. १६३५ मध्ये इंग्रज पंडित जॉन सेल्डन याने बंद समुद्राचा पक्ष मांडला, आणि त्याच्या मुळाशी मासळी होती. इंग्लंडच्या किनाऱ्यासमोर डच कोळी हेरिंग मासा पकडीत. त्यांनी आमच्या राजाचा परवाना घ्यावा, असा इंग्रजांचा हट्ट होता. गंमत अशी की, स्वतःच्या किनाऱ्यासमोर बंद समुद्र मागणारे हे राष्ट्र सुरतेसमोर मुक्त समुद्राचा कैवार घेत होते.

या वादातून निघालेली तडजोड तोफेच्या मापाची होती. किनाऱ्यावरील तोफेचा गोळा जेथवर पोचतो तेथवर किनाऱ्याच्या धन्याची सत्ता, असे डच कायदेपंडित बिंकरशुक याने अठराव्या शतकाच्या आरंभी मांडले. आणि १७८२ मध्ये इटलीच्या गालियानीने ते अंतर तीन सागरी मैल म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर धरले. त्या काळची कोणतीही तोफ इतक्या लांब गोळा फेकीत नव्हती. तरी हा तीन मैलांचा आकडा जवळजवळ पावणेदोनशे वर्षे जगाने मानला.

स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये आपला प्रादेशिक समुद्र सहा सागरी मैलांचा जाहीर केला, १९६७ मध्ये तो बारा मैलांवर नेला, आणि १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून दोनशे मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रावर हक्क सांगितला. राज्यघटनेप्रमाणे प्रादेशिक समुद्रातील मासेमारी हा राज्यांचा विषय आणि त्यापलीकडील केंद्राचा. ही वाटणी कागदावर सुबक दिसते. पापलेटला मात्र ती ठाऊक नाही.

आणि येथेच खरा संघर्ष सुरू झाला; कारण आता भांडण दोन राजांत नव्हते, एकाच किनाऱ्यावरच्या दोन नौकांत होते. गोव्यात साठाच्या दशकात ट्रॉलर आले. समुद्रतळ खरवडीत ओढली जाणारी त्यांची जाळी किनाऱ्याजवळ, म्हणजे जेथे मासळी अंडी घालते व पिले वाढतात त्याच पाण्यात फिरू लागली. किनाऱ्यावरून रांपण ओढणाऱ्या रांपणकारांच्या जाळ्यात काही येईनासे झाले. गावातल्या पंचवीस-पन्नास माणसांनी मिळून ओढावयाचे आणि मिळून वाटून घ्यावयाचे, असे हे रांपण. ते रिकामे आले की एक घर नव्हे, सारा वाडा उपाशी. सत्तरच्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रांपणकारांनी मोठे आंदोलन उभारले. किनाऱ्यापासून पाच किलोमीटर आमच्यासाठी राखून ठेवा, ही त्यांची मुख्य मागणी होती. देशात अन्यत्रही असेच तंटे पेटल्यामुळे केंद्र सरकारने १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमली. तिच्या कामातून नमुना विधेयक निघाले, आणि १९८० मध्ये केरळ व गोवा, १९८१ मध्ये महाराष्ट्र असे राज्याराज्यांचे सागरी मासेमारी कायदे झाले.

महाराष्ट्राच्या कायद्यात एक विशेष आहे. गोव्याने अंतर मोजले. महाराष्ट्राने ट्रॉलरसाठी खोली मोजली. किनाऱ्याच्या भागाप्रमाणे पाच वाव किंवा दहा वाव पाण्याच्या आत ट्रॉलरने यावयाचे नाही. वाव म्हणजे सहा फूट, दोन्ही हात पसरल्यावर होणारे दर्यावर्दी माणसाचे माप. पालघरसमोर समुद्रतळाचा उतार मंद आहे, तर सिंधुदुर्गात किनाऱ्याजवळच पाणी खोल होते. किलोमीटरची एकच रेषा दोन्हीकडे सारखी न्याय्य ठरली नसती. कोळी पूर्वीपासून दोरीला शिसे बांधून पाणी मोजीत आला आहे. तेव्हा ही रेषा त्याला समजणारी आहे; ती पाळली जाते की नाही हे पाहण्यास गस्तीच्या नौका मात्र फार थोड्या. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढविण्यात आले आणि प्रखर दिव्यांच्या मासेमारीवर कडक तरतुदी आल्या.

परंतु कायद्यापूर्वीपासूनची एक हद्द या किनाऱ्यावर आहे. तिचे नाव कव. डोल जाळे लावण्यासाठी समुद्रतळात खुंट रोवतात. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी, विशेषतः बोंबील, त्या जाळ्याच्या तोंडात शिरते. या जागेला कव म्हणतात. ती घराण्यात बापाकडून मुलाकडे येते आणि तिचा तंटा गावची पंचायत सोडवी. डोंगराचा एक सुळका आणि देवळाचा एक कळस एका रेषेत आला की आपली कव आली, अशी खूण. वसई, उत्तन, अर्नाळा या बाजूचे डोलकर आपल्या कवी उत्तरेकडे, सातपाटी-डहाणूसमोरच्या खोल पाण्यात रोवू लागले, तेव्हा वाद पेटला. सातपाटीकर पापलेटसाठी दालदा जाळी सोडतात. ती प्रवाहाबरोबर वाहतात आणि वाटेत खुंट आला की अडकून फाटतात. आमच्या गावासमोरचे पाणी आमचे, असे एकाचे म्हणणे. समुद्र कोणाच्या बापाचा नाही, असे दुसऱ्याचे. ग्रोटियस व सेल्डन यांचे ग्रंथ न वाचताही हे दोन्ही पक्ष त्यांचाच वाद पुढे चालवीत आहेत. बैठका झाल्या, समझोते झाले आणि मोडले. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून गौरविला गेला. त्याच्यासाठी भांडणाऱ्या दोघांच्याही जाळ्यात तो पूर्वीइतका येत नाही.

कवीच्या भांडणात जाळे फाटते. राष्ट्रांच्या रेषेवर माणूस जातो. नोव्हेंबर १९६१ मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी प्रथम 'साबरमती' या आगबोटीवर गोळ्या झाडल्या आणि आठवड्याभरातच एका मच्छीमाराचा बळी घेतला. महिना उलटण्यापूर्वी गोवा मुक्त झाले. कच्छच्या टोकाशी असलेल्या सर क्रीकचा तंटा मात्र अद्याप सुटलेला नाही. १९१४ मध्ये मुंबई सरकारने कच्छ व सिंध यांच्यात केलेल्या ठरावाचा अर्थ भारत एक लावतो, पाकिस्तान दुसरा. १९६८ च्या कच्छ निवाड्याने हा भाग हाताळलाच नाही. खाडीतील रेषा ठरली नाही म्हणून समुद्रातील रेषाही ठरली नाही. तिच्या आसपास मासळी विपुल असल्यामुळे गुजरातच्या बोटी तेथे जातात, आणि त्या बोटींवर खलाशी म्हणून डहाणू-तलासरीकडचे आदिवासी व कोळी तरुण हंगामापुरते काम करतात. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाच्या गोळीबारात अशाच एका बोटीवरील पालघर जिल्ह्यातील खलाशी ठार झाला.

जे पकडले जातात त्यांची बोट परत येत नाही. माणसे येतात, पण केव्हा, हे कोणी सांगू शकत नाही. २००८ मध्ये दोन्ही देशांत झालेल्या करारान्वये दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै या दिवशी एकमेकांच्या तुरुंगांतील कैद्यांच्या याद्या दिल्या जातात, आणि त्यांत मच्छीमारांची यादी वेगळी असते. तलासरीच्या एखाद्या पाड्यावर नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण होण्यापूर्वी त्या जुलैच्या यादीत आपल्या माणसाचे नाव आहे काय, याची चौकशी झालेली असते. नाव असले तर तो जिवंत आहे, एवढे कळते.