आवाजाची पट्टी, भाषेचे व्याकरण : पारलिंगी स्त्रियांच्या स्वरशिक्षणाचा इतिहास

१/१२
दूरध्वनीवर कुणी "मी उद्या येते" एवढेच म्हटले, तरी मराठी श्रोत्याला दोन गोष्टी एकदम कळतात : येण्याचा दिवस, आणि बोलणारी व्यक्ती स्त्री आहे हे. इंग्रजीत याच अर्थाचे वाक्य बोलणाऱ्याच्या लिंगाविषयी काहीही सांगत नाही. तेथे सारा भार आवाजावर पडतो. मराठीत आवाज एक सांगू लागला आणि क्रियापद दुसरे, तर ऐकणारा क्षणभर थबकतो. पारलिंगी स्त्रीसाठी हा क्षण किरकोळ नसतो. नोकरीची मुलाखत, भाड्याचे घर, रात्रीची रिक्षा अशा कितीतरी ठिकाणी तिची सुरक्षितता त्या क्षणावर अवलंबून असते.

२/१२
आधी शरीराचा भाग. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज फुटतो. हा बदल मागे फिरत नाही. पारलिंगी पुरुषांनी टेस्टोस्टेरॉन घेतल्यास त्यांचा आवाज खाली उतरतो. परंतु पारलिंगी स्त्रियांनी इस्ट्रोजेन घेतले, तरी एकदा फुटलेला आवाज पुन्हा बारीक होत नाही. म्हणून त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात : शस्त्रक्रिया किंवा सराव.

३/१२
१९७४ मध्ये जपानी शल्यविशारद नोबुहिको इश्शिकी यांनी स्वरयंत्राच्या कूर्चांवरील शस्त्रक्रियांचे चार प्रकार मांडले. त्यांपैकी चौथ्या प्रकारात स्वरतंतू ताणले जातात आणि आवाजाची पट्टी चढते. सतार किंवा तंबोऱ्याची तार पिळण्याचेच हे तत्त्व. पण तार चढवली म्हणून वाद्याचा भोपळा बदलत नाही. घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळीतून उमटणारा अनुनाद तोच राहतो, आणि बोलण्याची ढबही.

४/१२
मग किती पट्टी पुरेशी? १९८८ मध्ये लिंडा स्पेन्सर यांनी आणि १९९० मध्ये व्हर्जिनिया वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पारलिंगी स्त्रियांचे आवाज श्रोत्यांना ऐकवले. सरासरी पट्टी साधारण १५५ ते १६० हर्ट्झच्या वर गेली की श्रोते बहुधा आवाज स्त्रीचा मानत. हा आकडा उपचारकांच्या हाती सापडला आणि पुढे अनेक वर्षे उद्दिष्ट म्हणून वापरला गेला. पण तो इंग्रजी बोलणाऱ्यांचा, इंग्रजी ऐकणाऱ्यांनी ठरवलेला आकडा होता.

५/१२
नुसती पट्टी पुरत नाही, याचा पुरावा त्याआधीच मिळाला होता. जॅकलिन सॅक्स, फिलिप लीबरमन आणि डोना एरिकसन यांनी १९७३ मध्ये दाखवले की वयात न आलेल्या मुलामुलींचे आवाजही श्रोते बऱ्याच अंशी ओळखू शकतात. त्या वयात स्वरयंत्रात फारसा फरक नसतो. म्हणजे मुले-मुली आपापल्या समाजाची बोलण्याची रीत लहानपणीच उचलतात. आणि जे शिकले जाते, ते भाषेगणिक वेगळे असणारच.

६/१२
ही रीत कोणती, याचे उत्तर त्या काळातील उपचारकांनी बरेचसे एका वादातून घेतले. १९७५ मध्ये रॉबिन लेकॉफ या अमेरिकी भाषाविदुषीने स्त्रियांच्या इंग्रजीचे वर्णन प्रसिद्ध केले : विधानाच्या शेवटी प्रश्नासारखा चढणारा सूर, "हो ना?" अशा धर्तीची पुस्ती, जादा सौजन्य. लेकॉफ यांचा रोख टीकेचा होता. समाज स्त्रीला अनिश्चितपणे बोलायला शिकवतो, असे त्यांचे म्हणणे होते. विपर्यास असा की स्त्रीच्या दुय्यमत्वाची लक्षणे म्हणून नोंदलेल्या गोष्टी पुढे स्त्रीत्वाचे धडे म्हणून गिरवल्या गेल्या. लेकॉफ यांची निरीक्षणेही मुख्यतः मध्यमवर्गीय अमेरिकी बोलण्यावरची होती.

७/१२
भाषा बदलली की माप कसे बदलते, हे १९९५ मध्ये रेने व्हान बेझोइयेन यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. जपानी स्त्रिया डच स्त्रियांपेक्षा चढ्या पट्टीत बोलतात, आणि त्यामागे शरीराइतकीच समाजाची अपेक्षा असते, असे त्यांनी दाखवले. जपानमध्ये आदर्श स्त्री आणि आदर्श पुरुष यांच्या कल्पनांत जितके अंतर होते, तितके नेदरलंड्समध्ये नव्हते. ॲमस्टरडॅममध्ये सहज खपणारा स्त्रीचा आवाज टोकियोत रुक्ष वाटू शकतो. मग पारलिंगी स्त्रीने कोणत्या शहराची पट्टी गाठायची?

८/१२
एकाच भाषेतही माप स्थिर नसते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९४५ मधील तरुण स्त्रियांची ध्वनिमुद्रणे १९९३ मधील तशाच स्त्रियांच्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहिली. सरासरी पट्टी २२९ हर्ट्झवरून २०६ हर्ट्झवर आली होती. अर्ध्या शतकात स्त्रीदेह बदलला नव्हता. स्त्रीचे सार्वजनिक स्थान बदलले होते. "स्त्रीचा खरा आवाज" म्हणून जे दाखवले जाते, ते त्या त्या दशकाचे चित्र असते.

९/१२
चिनी, थाई यांसारख्या भाषांत सुराचे काम आणखी वेगळे आहे. मँडरिनमध्ये चार सूर आहेत, थाईमध्ये पाच. सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. तेथे वाक्याच्या शेवटी सूर चढवण्याचा इंग्रजी सल्ला जसाच्या तसा चालत नाही. संपूर्ण पट्टी वर नेता येते, पण शब्दाशब्दांतील चढउताराचा नकाशा जपावा लागतो. उलट थाई भाषा एक आधारही देते : वाक्याच्या शेवटी पुरुष "ख्रप" म्हणतो आणि स्त्री "खा". त्या एका अक्षराने बोलणारी आपली ओळख स्वतःच सांगते.

१०/१२
भारतात हे काम क्रियापद करते. किरा हॉल आणि व्हेरोनिका ओ'डोनोव्हन यांनी बनारसच्या हिंदीभाषक हिजड्यांच्या बोलण्याचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. आपसांत स्नेह दाखवताना स्त्रीलिंगी रूपे येत. राग, जोर किंवा दुरावा दाखवताना तीच व्यक्ती पुल्लिंगी रूपांकडे वळे. स्त्रीलिंगी बोलणे अनेकींनी समुदायात आल्यावर सरावाने कमावले होते. स्वरोपचाराच्या दवाखान्यांशी संबंध नसताना ही परंपरा चालत आली होती. तिचा भर व्याकरणावर होता.

११/१२
मराठीत हा धागा अधिक गुंतागुंतीचा होतो. "मी आलो" आणि "मी आले" यांत लिंग उघड होते. पण "मी जाईन" किंवा "मी पुस्तक वाचले" यांत ते दिसत नाही. ज्या व्यक्तीला आपली ओळख अजून उघड करायची नाही, तिला या रूपांचा आडोसा मिळतो. त्यातही प्रदेशाचा फरक आहेच. कोल्हापूरकडे स्त्रियाही सर्रास "मी आलो", "मी जातो" म्हणतात, आणि त्यांच्या बाईपणाविषयी तेथे कुणाला शंका येत नाही. त्या भागातील पारलिंगी स्त्रीने प्रयत्नपूर्वक "मी जाते" म्हटले, तर ती गावच्या बायकांपेक्षा पुण्याची वाटण्याचा संभव अधिक.

१२/१२
सारांश, स्वरतंतूंची लांबी सर्वत्र एकाच नियमाने चालते, पण आवाज ऐकणारा कान समाज घडवतो. त्यामुळे एका भाषेत मोजलेला आकडा दुसऱ्या भाषेतील स्त्रीवर लादणे शास्त्राला धरून नाही. पट्टी, अनुनाद, हेल, क्रियापद आणि गावची बोली यांतले काय घ्यायचे आणि काय सोडायचे, याचा निर्णय ज्या स्त्रीला त्या आवाजात जगायचे आहे, तिचाच असला पाहिजे. कोल्हापूरची एखादी पारलिंगी स्त्री उद्या आईला दूरध्वनी करून "मी पोचलो गं" म्हणाली, तर तिचे स्वरशिक्षण फसले असे समजण्याचे कारण नाही. ती आपल्या आईसारखीच बोलत असेल.