जन्माचा धर्म आणि निर्णयाचा धर्म

धर्म माणसाला जन्माबरोबर मिळतो, की तो त्याने समजून-उमजून स्वीकारायचा असतो, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी जी घोषणा केली तिचा गाभाच हा होता. जन्म कुठे घ्यावा हे माणसाच्या हाती नसते. कोणत्या धर्मात राहावे हे त्याच्या हाती असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी हा विचार कृतीत आणला. परंतु हाच प्रश्न घेऊन जगाच्या दुसऱ्या टोकाला काही सामान्य माणसे चार शतकांपूर्वी तुरुंगात गेली होती, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. त्यांना बाप्टिस्ट म्हणतात. त्यांच्या श्रद्धा आपल्या नाहीत आणि त्या आपण घ्याव्यात असे सांगण्यासाठी हा लेख नाही. त्यांच्या सिद्धांतांचा इतिहास मात्र आपल्याला आपल्याच घरातील एका प्रश्नाकडे आणून सोडतो, म्हणून त्याची ही मांडणी.

सावंगी (मेघे) हे वर्ध्याला लागून असलेले गाव. येथे वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालये निघाली, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून मुलेमुली येऊन राहू लागली. केरळातली आली, ईशान्येकडचीही आली. नागा मुले बहुधा बाप्टिस्ट असतात. नागभूमीत हा पंथ १८७२ पासून अमेरिकन मिशनऱ्यांनी रुजवला. आमच्या विदर्भातील माणसाला ख्रिस्ती म्हटले की एकच चित्र दिसते. वास्तविक नागपूरला १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉपने आणलेले स्कॉटिश मिशन वेगळे, यवतमाळचे फ्री मेथडिस्ट वेगळे, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या कोरकूंमधील जुने काम हाती घेऊन उतरलेले कॉन्झर्व्हेटिव्ह बाप्टिस्ट वेगळे. हे शेवटचे मिशन १९४३ साली अमेरिकेत स्थापन झाले. तेथील उत्तरेकडच्या बाप्टिस्टांत आधुनिक विचाराचे आणि जुन्या श्रद्धेचे असे दोन तट पडले होते. पवित्र शास्त्र अक्षरशः प्रमाण मानणारा मिशनरीच परदेशी पाठवावा, असा जुन्या तटाचा आग्रह होता. तो मान्य होईना म्हणून त्यांनी आपले वेगळे मिशन काढले.

या सनातनी बाप्टिस्टांच्या मुख्य श्रद्धा थोडक्यात अशा आहेत. पवित्र शास्त्र निर्दोष आहे आणि श्रद्धेच्या बाबतीत तेच अखेरचे प्रमाण आहे. पोप, परंपरा किंवा परिषद त्याच्यावर नाही. मनुष्य पापी आहे, आणि त्याचे तारण त्याच्या पुण्यकर्मांनी होत नाही, ख्रिस्तावरील विश्वासाने, केवळ कृपेने होते. बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यायचा नाही. ज्याने स्वतः विश्वास धरला आणि चारचौघांत तो बोलून दाखवला त्यालाच द्यायचा, आणि तोही डोक्यावर पाणी शिंपडून नव्हे, सगळा देह पाण्यात बुडवून. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच विधी. त्यांनी तारण होत नाही, त्या केवळ खुणा आहेत. प्रत्येक विश्वासणारा स्वतःच याजक आहे, देव आणि माणूस यांच्यामध्ये पुरोहित नको. प्रत्येक गावची मंडळी स्वतंत्र आहे. ती आपला पाळक स्वतः निवडते, तिच्यावर बिशप नाही. आणि शेवटचे म्हणजे राजसत्तेने धर्मात हात घालू नये, कारण सदसद्विवेक हा माणूस आणि देव यांच्यातला मामला आहे.

यातील निम्म्या गोष्टी वाचताना आपल्या वाचकाच्या कपाळाला आठी पडेल, आणि निम्म्या वाचताना तो मान डोलावेल. त्या दोन्हींचा विचार करायचा आहे.

तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्याला नकार देणे ही वरवर किरकोळ बाब वाटते. युरोपात ती प्राणावर बेतणारी होती. मूल जन्मले की त्याला बाप्तिस्मा द्यायचा आणि चर्चच्या वहीत नाव चढवायचे, अशी तिथली रीत. ती वही म्हणजेच राज्याच्या प्रजेची यादी. जन्म, धर्म आणि राज्य यांची गाठ त्या एका विधीने बांधली जाई. १५२५ मध्ये झुरिकला काही लोकांनी ही गाठ तोडली आणि प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झ याला जानेवारी १५२७ मध्ये लिम्मत नदीत बुडवून मारण्यात आले. पाण्याचा हट्ट धरतोस, तर घे पाणी, असा त्या शिक्षेचा क्रूर अर्थ होता. पुढे १६०९ साली ॲमस्टरडॅमला आश्रय घेतलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज धर्मोपदेशकाने स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा दिला. बाप्टिस्टांचा इतिहास येथून धरतात. त्याचा सहकारी थॉमस हेल्विस इंग्लंडला परतला आणि १६१२ मध्ये त्याने एक पुस्तक छापले. राजा हाही मर्त्य माणूस आहे, प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता नाही, असे त्यात राजालाच उद्देशून सांगितले होते. एवढेच नव्हे, तुर्क असो, यहुदी असो वा पाखंडी, कुणालाही श्रद्धेपायी शिक्षा करण्याचा अधिकार राज्याला नाही, असे तो म्हणाला. हेल्विसची रवानगी न्यूगेटच्या तुरुंगात झाली. १६१६ च्या सुमारास तो मरण पावला.

ही माणसे उमराव नव्हती. या पंथाचा भारतातला पहिला मोठा माणूस विल्यम केरी हा तर जोडे शिवणारा. १७९३ साली तो बंगालात उतरला. पुढे कोणी त्याला मोची म्हणून हिणवले तर तो म्हणे, मोची कुठला, मी तर नुसता जोडे दुरुस्त करणारा. आपल्या गावगाड्यात त्याची जागा वेशीबाहेर झाली असती. या जोडे शिवणाऱ्याने वैजनाथ पंडिताला हाताशी धरून १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, १८१० साली शब्दकोश काढला आणि १८११ साली नवा करार मराठीत आणला. सेरामपूरच्या छापखान्यातून निघालेली ही पुस्तके म्हणजे मराठी मुद्रणाचा पहिला अध्याय. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात केरीचे नाव येते, त्याचा धंदा मात्र बहुधा एका वाक्यात उरकला जातो.

सेरामपूरला जातीच्या बाबतीत जे घडले ते अधिक महत्त्वाचे. २८ डिसेंबर १८०० रोजी केरीने हुगळी नदीत पहिल्या बंगाली माणसाला बाप्तिस्मा दिला. तो कृष्ण पाल, एक सुतार. १८०३ मध्ये त्याच्या मुलीचे लग्न ब्राह्मण कुळातून आलेल्या कृष्णप्रसादाशी झाले. त्याच वर्षी गोकुळ नावाचा बाप्तिस्मा घेतलेला माणूस वारला, तेव्हा त्याच्या शवपेटीला एक इंग्रज मिशनरी, केरीचा मुलगा, एक पूर्वीचा ब्राह्मण आणि एक पूर्वीचा मुसलमान अशा चौघांनी खांदा दिला. लग्न आणि मढे, जात जिथे सर्वांत कडक असते त्या दोन जागी त्यांनी ती मोडली. सव्वादोनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. आज आपल्या किती सुशिक्षित घरांत ती घडते?

तेलुगू मुलखातले उदाहरण तर आपल्या शेजारचे. ओंगोलला जॉन क्लाउ या अमेरिकन बाप्टिस्टाकडे मादिगा येऊ लागले. मादिगा म्हणजे कातडे कमावणारी जात. १८६६ साली बाप्तिस्मा घेतलेल्या येर्रगुंटला पेरय्या या मादिगाने आपल्या माणसांत ती वाट पाडली होती. मादिगांना घ्याल तर आम्ही येणार नाही, असे वरिष्ठ जातींनी बजावले. क्लाउने मादिगांची बाजू धरली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात त्याने बकिंगहॅम कालव्याच्या काही मैलांच्या खोदाईचा ठेका घेऊन लोकांना काम दिले, पण दुष्काळ असेतो बाप्तिस्मा द्यायचे नाकारले. अन्नासाठी आलेला माणूस त्याला नको होता. ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीवर एका दिवसात २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या देशात पाण्याला हात लावला म्हणून माणसाचे डोके फुटते, तिथे हजारो अस्पृश्य एका नदीत उतरतात आणि माणूस म्हणून वर येतात, याचा अर्थ मिशनऱ्याच्या शास्त्रात पुरता मावणारा नव्हता. महाडचे तळे त्यानंतर ४९ वर्षांनी आले.

परंतु येथेच थांबलो तर तो इतिहास होणार नाही, स्तुतिपाठ होईल. सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यावर उभ्या राहिलेल्या याच पंथाची अमेरिकेतली दक्षिणेकडची शाखा १८४५ मध्ये वेगळी झाली ती गुलामगिरीच्या बाजूने. गुलामांच्या मालकाला मिशनरी म्हणून पाठवता येईल की नाही, यावरून. त्याबद्दल तिने औपचारिक माफी मागितली १९९५ साली. म्हणजे दीडशे वर्षांनी. प्रत्येक मंडळी स्वतंत्र, हा सिद्धांत तिथे गोऱ्यांची मंडळी वेगळी आणि काळ्यांची वेगळी ठेवायलाही सोयीचा पडला. आपल्याकडेही एकाच गावात दोन जातींच्या दोन मंडळ्या नांदू शकल्या. वर कोणी सत्ताधीश नाही, मग अन्यायाची दाद कुणाकडे मागायची?

त्याच वेळी त्याच श्रद्धेने काळ्या माणसाला कणाही दिला. जमैकात १८३१ च्या अखेरीस गुलामांनी जो उठाव केला त्याला बाप्टिस्टांचे युद्ध म्हणतात. त्याचा नेता सॅम शार्प हा गुलाम आणि मंडळीचा सेवक. २३ मे १८३२ रोजी त्याला फासावर चढवले. तीनशेहून अधिक गुलामांना देहदंड झाला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. मार्टिन ल्यूथर किंगही बाप्टिस्ट पाळकच. एकाच पुस्तकातून मालकाने आज्ञापालन वाचले आणि गुलामाने मुक्ती वाचली. शास्त्र निर्दोष असेल, वाचणारा कुठे उभा आहे यावर मात्र सगळे ठरते.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. ख्रिस्ताबद्दल त्यांना आदर होता. १९३८ साली सोलापूरला ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना त्यांनी तो व्यक्त केला, आणि दक्षिणेतील ख्रिस्त्यांनी जात पाळल्याबद्दल त्यांना खडे बोलही सुनावले. त्यांच्या निधनानंतर, महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर प्रकरण आहे. त्यातला त्यांचा आक्षेप मूळपापाच्या सिद्धांतावर आहे. हिंदू धर्म अस्पृश्याला सांगतो, तुझी ही दशा तुझ्या पूर्वकर्माने झाली. मिशनरी सांगतो, तू पापी आहेस, क्षमा माग. दोघेही दोष पीडितावर ठेवतात; ज्या समाजाने त्याला चिखलात ढकलले त्याच्याकडे बोट कोणीच दाखवत नाही. सनातनी बाप्टिस्टाच्या श्रद्धेचा हा मर्मभाग आहे आणि आपली वाट तिथून फुटते. बावीस प्रतिज्ञांत पापाची कबुली नाही. तिथे जुन्या देवांना आणि विषमतेला नकार आहे, आणि वागणुकीची हमी आहे.

मात्र निर्णयाचे काय? या ठिकाणी वर्ध्याचा आणि नागपूरचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी अस्पृश्यांना खुले केले. देशभर त्याचे कौतुक झाले. तरीही २८ वर्षांनी याच परिसरातली माणसे नागपूरची वाट चालली, कारण कोणी दार उघडून देणे आणि आपण आपले घर निवडणे यांत फरक आहे. त्या सुमारास वर्धा आणि नागपूर मध्य प्रदेशात होते. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी त्या सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल १९५६ मध्येच प्रसिद्ध झाला. शाळा-दवाखान्यांच्या आमिषाने होणारी धर्मांतरे कायद्याने रोखावीत, असा त्याचा कल होता. समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. आणि हेच नियोगी त्याच वर्षी दीक्षाभूमीवर बौद्ध झाले! स्वतःच्या निर्णयाने धर्म बदलणाऱ्या या विद्वानाच्या अहवालाच्या वाटेनेच पुढे १९६८ चा मध्य प्रदेशचा कायदा आला, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

याहून मोठी गाठ १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाची आहे. अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असला पाहिजे, असे त्याने ठरवले. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान आजही बाहेर आहेत. मादिगाचा नातू प्रार्थनेला कुठे जातो यावर त्याची सवलत ठरते. गावाने त्याला कुठे बसवले यावर ठरत नाही. आपल्याला न्याय मिळाला म्हणून आपण या बाबतीत गप्प बसणे बरे नव्हे. सवलतीचा भाग कमी होईल ही भीती खोटी नाही. तिचे उत्तर भाग वाढवून मागण्यात आहे, भावाला दारात उभे करण्यात नाही.

आता आपल्या घरातला प्रश्न. माझे आजोबा १९५६ साली नागपूरला गेले होते. ते अंगठेबहाद्दर होते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. त्यांनी बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या तेव्हा त्यांना गावकीची कामे सोडावी लागली, देव्हारा रिकामा करावा लागला, भावकीशी भांडावे लागले. मी त्या प्रतिज्ञा शाळेत असताना पाठ केल्या. माझ्या दाखल्यावर धर्म लिहिला तो दुसऱ्याने. महाविद्यालयात माझ्यासमोर बसणारी बौद्ध मुले चौथ्या पिढीतली आहेत. यांच्यापैकी किती जणांनी हा धर्म निवडला, आणि किती जणांना तो रेशनकार्डासारखा घरातून मिळाला? गळ्यात ताईत घालणारा, मुहूर्त पाहणारा, पोटजातीबाहेर मुलगी न देणारा बौद्ध जन्माने तयार होतो. निर्णयाने तो तयार झाला नसता.

सनातनी बाप्टिस्टाच्या शास्त्राशी आपले जमणार नाही. परंतु त्याच्या एका शिस्तीकडे पाहावे. आईबाप श्रद्धावान आहेत म्हणून मूल श्रद्धावान ठरत नाही. ते वयात येईल, विचार करेल, चारचौघांत उभे राहून सांगेल, मगच ते मंडळीत येईल. नाही म्हणण्याची मोकळीक असेल तरच त्याच्या हो म्हणण्याला किंमत आहे. आपल्या विहारांनी अठरा वर्षांच्या मुलामुलींसमोर बावीस प्रतिज्ञा एकेक करून ठेवाव्यात, त्यांच्यावर खुली चर्चा करावी, शंका ऐकाव्यात, आणि ज्याला पटेल त्याने त्या आपल्या तोंडाने घ्याव्यात. संख्या कमी भरेल, या भीतीने हे टाळू नये. जनगणनेचा रकाना आणि धम्म यांत अंतर आहे, आणि ते अंतर कमी करण्याचे काम प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागणार आहे.