अद्भुतरम्य कादंबरी (मराठी)

अद्भुतरम्य कादंबरी हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत लोकप्रिय झालेला कादंबरीप्रकार आहे. काल्पनिक राज्यात घडणारी प्रेमकथा, चमत्कार व योगायोग यांनी भरलेले कथानक आणि हमखास सुखान्त शेवट ही त्याची प्रमुख लक्षणे होत. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची मुक्तामाला (१८६१) ही या प्रकारातील आरंभीची, तर नारो सदाशिव रिसबूड यांची मंजुघोषा (१८६८) ही विशेष गाजलेली कादंबरी मानली जाते.

पार्श्वभूमी

बाबा पदमनजी यांची यमुनापर्यटन (१८५७) ही मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी विधवांच्या दुःस्थितीवर होती. मात्र तिच्या वास्तवदर्शी वाटेने लगेच कोणी गेले नाही. छापील पुस्तकांच्या नव्या वाचकाला वेताळपंचविशी, सिंहासनबत्तिशी, शुकबहात्तरी यांसारख्या गोष्टींची गोडी होती. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी हाती घेतलेल्या अरबी गोष्टींच्या भाषांतराने तिच्यात भर घातली. संस्कृत नाटके आणि बाणभट्टाची कादंबरी यांचा आदर्शही लेखकांपुढे होता. या वाङ्मयप्रकाराचे मराठी नावच बाणभट्टाच्या ग्रंथावरून आले आहे. त्या काळी त्यासाठी ‘नावल’ हा शब्दही रूढ होता.

स्वरूप

या कादंबऱ्यांचे नायक-नायिका बहुधा राजघराण्यातील वा प्रतिष्ठित कुळातील असतात. प्रथमदर्शनी प्रेम, दुष्टाच्या कपटामुळे ताटातूट, अरण्यवास, वेषांतर, मृत समजलेल्या व्यक्तीचे अकस्मात प्रकट होणे आणि शेवटी मीलन असा कथाक्रम सामान्यतः आढळतो. अद्भुताचे प्रमाण मात्र सर्वत्र सारखे नाही. मुक्तामालेत अलौकिक शक्तींपेक्षा असंभाव्य योगायोगांवर भर आहे. सत्शील नायिका मुक्तामाला आणि कपटी शुक्लाक्ष यांच्या विरोधातून सद्गुणांचा विजय दाखविला जातो. भाषा संस्कृतप्रचुर असून ऋतू, उपवने व नायिकेचे सौंदर्य यांची वर्णने विस्तृत असतात. करमणुकीबरोबर नीतिबोध हाही लेखकांचा उद्देश असे.

हळबे यांची रत्नप्रभा (१८६६) आणि रिसबूड यांची विश्वासराव (१८७०) या त्याच परंपरेतील अन्य कादंबऱ्या होत.

अद्भुताचे कारण

या प्रकाराचा उलगडा रिसबूड यांनी मंजुघोषेला जोडलेल्या प्रस्तावनेतून होतो. हिंदू समाजातील विवाहाच्या व इतर रूढींमुळे येथील लोकांच्या जीवनात कादंबरीला लागणारे चित्तवेधक प्रसंग सापडत नाहीत. जे घडते तेच लिहिले तर ते वाचकाला रंजक वाटणार नाही. म्हणून अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

या विधानामागे तत्कालीन सामाजिक वस्तुस्थिती होती. पांढरपेशा घरांतील मुलींचे विवाह बाल्यावस्थेतच व वडीलधाऱ्यांच्या इच्छेने होत. पुणे, वाई वा नाशिक येथील एखाद्या ओळखीच्या घरात प्रौढ अविवाहित नायिका दाखविणे, तिने आपल्या पसंतीने वर निवडणे, हे वाचकाला खरे वाटले नसते. पुराणे व संस्कृत नाटके यांतील स्वयंवर आणि गांधर्वविवाह मात्र त्याच्या परिचयाचे होते. त्यामुळे प्रेमकथेसाठी दूरचे, कल्पित राज्य सोयीचे ठरले. या दृष्टीने पाहता, स्वतःच्या मनाने वर निवडणारी तरुणी हेच या कादंबऱ्यांतील सर्वांत मोठे अद्भुत होय.

टीका आणि ऱ्हास

काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ (१८७२) लिहून अशा कादंबऱ्यांतील असंभाव्यतेवर टीका केली. त्याच सुमारास रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या मोचनगड (१८७१) या कादंबरीने ऐतिहासिक कथानकाचा मार्ग खुला केला. हरि नारायण आपटे यांनी मधली स्थिती (१८८५) आणि पण लक्षात कोण घेतो? या कादंबऱ्यांतून मध्यमवर्गीय घरातील जीवन चित्रित केले. रिसबुडांना ज्या विवाहरूढीत रंजक असे काही दिसले नव्हते, तिच्यातूनच आपट्यांनी बालविवाहित यमूची शोकात्म कहाणी उभी केली. १८९० साली सुरू झालेल्या करमणूक पत्रात ती क्रमशः येत असतानाच संमतिवयाचा कायदा (१८९१) झाला आणि त्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला.

तरीही अद्भुताची आवड सरली नाही. नाथमाधव यांची वीरधवल (१९१३) ही कादंबरी त्याची साक्ष देते. वि. का. राजवाडे यांनीही ‘कादंबरी’ (१९०२) या निबंधात अद्भुत व वास्तव या प्रवृत्तींचा विचार केला.

नंतरचा काळ

स्त्रीशिक्षणाचा प्रसार आणि लग्नाचे वाढते वय यांमुळे विसाव्या शतकात परिचित परिसरातील प्रेमकथा विश्वसनीय वाटू लागली. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांत सुशिक्षित तरुण-तरुणी येतात. त्यांच्या एका कादंबरीचे नाव जादूगार (१९२८) असले तरी तिचे जग मध्यमवर्गीय वास्तवातले आहे. पुढच्याच वर्षी संमत झालेल्या शारदा कायद्याने मुलींचे विवाहाचे किमान वय १४ वर्षे ठरविले.

महत्त्व

भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवाहांचा विचार करताना यमुनापर्यटन व मोचनगड यांच्याबरोबर मुक्तामालेलाही एका स्वतंत्र प्रवृत्तीचे प्रतिनिधित्व दिले आहे. वास्तवापासून दूर गेलेल्या या कादंबऱ्या तत्कालीन समाजात कशाला जागा नव्हती हे सूचित करतात; म्हणून सामाजिक इतिहासाचे साधन म्हणूनही त्यांचे मोल आहे.