उदासी, गुरू नानकांच्या

शीख धर्माचे संस्थापक गुरू नानक (१४६९–१५३९) यांच्या दीर्घ यात्रांना शीख परंपरेत ‘उदासी’ ही संज्ञा आहे. उदासी म्हणजे संसाराविषयीची अलिप्तता. नानकपुत्र श्रीचंद यांच्यापासून निघालेल्या संन्यासमार्गी उदासी पंथाहून ही संज्ञा भिन्न आहे.

नानक सुलतानपूर येथे दौलतखान लोदीच्या कोठारात नोकरीस होते. तेथे बेई नदीत स्नानास गेले असता त्यांना साक्षात्कार झाला व त्यानंतर ते यात्रेस निघाले, असे जनमसाख्यांत (पारंपरिक चरित्रग्रंथांत) सांगितले आहे. ‘पुरातन’ जनमसाखीनुसार त्यांनी चार दिशांना चार मोठ्या यात्रा केल्या : पूर्वेस काशी व कामरूप, दक्षिणेस सिंहलद्वीप, उत्तरेस काश्मीर व सुमेरू आणि पश्चिमेस मक्का. रबाबवादक मर्दाना हा त्यांचा प्रमुख सहप्रवासी होता. पहिल्या यात्रेत त्यांनी हिंदू व मुसलमान अशा दोहोंच्या वेशांचे मिश्रण धारण केले होते, असे वर्णन आढळते.

जनमसाख्या नानकांच्या निधनानंतर रचल्या गेल्या. श्रद्धा दृढ करणे हा त्यांचा हेतू असल्याने प्रवासाचा क्रम व काल यांबाबत त्यांच्यात एकवाक्यता नाही. सतराव्या शतकाच्या आरंभीचे भाई गुरदास यांच्या पहिल्या ‘वारे’त सुमेरू, मक्का व बगदाद यांचा उल्लेख येतो. बगदाद येथील एका शिलालेखाचाही आधार दिला जातो; परंतु त्याच्या वाचनाबद्दल मतभेद आहेत. मक्लाउड यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात यांपैकी बहुतेक प्रसंग इतिहासदृष्ट्या असिद्ध ठरविले; अनेक शीख अभ्यासकांनी त्यास आक्षेप घेतला. नानकांच्या स्वतःच्या पदांत स्थलवर्णन अल्प आहे. मात्र बाबराच्या स्वारीतील अत्याचारांविषयीची त्यांची चार पदे तत्कालीन साक्ष म्हणून महत्त्वाची आहेत.

प्रवासमार्गाविषयी वाद असला, तरी यात्रांची परिणती स्पष्ट आहे. रावीकाठच्या कर्तारपूर येथे (सध्या पाकिस्तानात) नानक कुटुंबासह स्थायिक झाले. तेथे त्यांनी उदासी वेश उतरविला, असे भाई गुरदास सांगतात. पहाटे ‘जप’ व सायंकाळी ‘सोदर’ आणि ‘आरती’ म्हणण्याचा परिपाठ तेथे सुरू झाला. केवळ तीर्थाटनाने वा गृहत्यागाने मुक्ती मिळत नाही, ही त्यांची शिकवण होती. विरक्त पुत्र श्रीचंद यांस वगळून त्यांनी गृहस्थाश्रमी शिष्य लहणा यांस अंगद या नावाने उत्तराधिकारी नेमले. त्यामुळे शीख धर्म संन्यासमार्गाकडे न वळता गृहस्थाश्रमींचा धर्म म्हणून विकास पावला.